जुनी मोटार सुरू न होणे : दोषशोध

कार्बोरेटर (हवेत पेट्रोल मिसळणारा भाग) आणि पॉइंटवर (ठिणगीसाठी करंट जोडणाऱ्या-तोडणाऱ्या टिकल्यांवर) चालणारी पेट्रोल मोटार चावी फिरवूनही सुरू होत नसेल, तर बिघाड नेमका कुठे आहे हे शोधून काढण्याची पद्धत. फ्युएल इंजेक्शनच्या गाड्यांना ती जशीच्या तशी लागू पडत नाही. येथे उदाहरण म्हणून प्रीमियर पद्मिनी घेतली आहे. कुर्ल्याच्या कारखान्यात ती १९६४ पासून ‘फियाट ११०० डिलाइट’ म्हणून बनू लागली. पद्मिनी हे नाव सत्तरच्या दशकात आले, पण मुंबईने तिला शेवटपर्यंत फियाटच म्हटले. काळी-पिवळी टॅक्सी म्हणून ती २०२३ च्या ऑक्टोबरपर्यंत शहरात धावत होती. तिचे १०८९ सीसीचे इंजिन शोधाला सोयीचे आहे, कारण बॉनेट उघडले की सगळे संशयित समोरच उभे असतात.

सुरुवात कानाने करावी. सेल्फ मारल्यावर नुसती ‘टक’ झाली किंवा इंजिन कण्हत फिरले, तर हेडलाइट लावून पुन्हा सेल्फ मारावा. दिवे विझत आले, तर बॅटरी उतरली आहे किंवा टर्मिनल धरत नाहीत. दिवे तसेच प्रखर राहिले, तर दोष सेल्फकडे, सोलेनॉइडकडे (सेल्फला करंट जोडणाऱ्या स्विचकडे) किंवा चावीच्या स्विचमध्ये. पूर्ण भरलेली बॅटरी उभ्या गाडीत सुमारे १२.६ व्होल्ट दाखवते. नवी बॅटरी घेण्याआधी टर्मिनलवरची पांढरी-हिरवी भुकटी गरम पाण्याने धुवून, घासून, नट आवळून पाहावे. अनेकदा एवढ्यानेच काम होते. इंजिन आणि बॉडी यांना जोडणाऱ्या अर्थिंगच्या पट्टीकडे मात्र सहसा कोणाचे लक्ष जात नाही. ती सैल झाली की सेल्फचा करंट दुसरी वाट शोधतो, कधी चोकच्या (थंड इंजिनसाठी हवा कमी करणाऱ्या झडपेच्या) केबलमधून. चोकचे बटण हाताला गरम लागले, तर बॅटरीवाल्याकडे जाऊ नये.

सेल्फ झपाट्याने फिरतो पण इंजिन पकडत नाही, तेव्हा प्रश्न दोनच : करंट येतोय का, आणि पेट्रोल येतंय का. यात आधी करंट पाहावा, कारण ती तपासणी दोन मिनिटांची आहे. एक प्लग काढून त्याच्या वायरीत बसवावा, प्लगची धातूची बाजू इंजिनला टेकवावी आणि दुसऱ्याला सेल्फ मारायला सांगावे. (वायर कोरड्या, इन्सुलेशन असलेल्या पकडीनेच धरावी आणि आसपास पेट्रोल सांडलेले नसावे.) ठिणगी निळी आणि कडकडीत हवी. पिवळसर, मरगळलेली असेल किंवा मुळीच नसेल, तर डिस्ट्रिब्युटरचे, म्हणजे प्रत्येक प्लगला करंट वाटणाऱ्या डब्याचे, झाकण काढावे.

खरी गोष्ट इथे घडते. पॉइंट उघडतो त्या क्षणी कॉइलच्या एका वेटोळ्यातला १२ व्होल्टचा प्रवाह तुटतो आणि दुसऱ्या वेटोळ्यात हजारो व्होल्ट उभे राहतात. हा पॉइंट म्हणजे नखाएवढ्या दोन धातूच्या टिकल्या. वापराने एकीवर खड्डा पडतो, दुसरीवर उंचवटा येतो आणि वर काळी काजळी धरते. बारीक पॉलिश पेपरचा तुकडा मधून दोनतीनदा ओढला की चमक परत येते. मग पॉइंट पूर्ण उघडेल असे इंजिन फिरवून सुमारे ०.४ ते ०.५ मिलिमीटर फट ठेवायची. फीलर गेज नसेल तर रस्त्यावरचा मेस्त्री जाड व्हिजिटिंग कार्ड सरकवतो, आणि घरापर्यंत जाण्यापुरते ते पुरते. घासलेले पॉइंट लगेच पुन्हा जळू लागले, तर दोष कंडेन्सरचा, म्हणजे पॉइंटवरची ठिणगी शोषणाऱ्या छोट्या डबीचा. पावसाळ्यात मात्र यातले काही करण्याआधी झाकण आतून कोरड्या फडक्याने पुसावे आणि त्यावर केसाएवढी काळी रेघ दिसते का पाहावे. त्या चिरेतून करंट परस्पर पळतो. इंजिन बंद असताना चावी चालू ठेवून चर्चा करत बसू नये. पॉइंट मिटलेला असेल तर कॉइल तापून जाते.

करंट ठीक असेल तर प्लग काय सांगतो ते पाहावे. ओला आणि पेट्रोलचा वास येणारा प्लग म्हणजे गाडी ओव्हर झाली आहे, इंजिनात पेट्रोल जास्त गेले आहे : चोक आत ढकलून, ॲक्सिलरेटर पूर्ण दाबून धरून सेल्फ मारावा. कोरडा प्लग म्हणजे पेट्रोल पोहोचत नाही. कार्बोरेटरकडे येणारा पाइप सोडवून बाटलीत धरला की इंजिनच्या फिरण्याबरोबर पिचकाऱ्या उडायला हव्यात. उडत असतील तर कार्बोरेटरमध्ये पेट्रोल सोडणारी फ्लोटची सुई अडकली असावी. कार्बोरेटरवर स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने हलकेच ठोकले की बऱ्याचदा सुटते. उडत नसतील तर पंपाचा पडदा, फिल्टर किंवा पाइप, आणि हसू नये, पण टाकीसुद्धा पाहावी. मे महिन्यात घाटात बंद पडलेल्या गाडीच्या पंपावर ओले फडके टाकतात, ते पेट्रोलची वाफ होऊन पंप निकामी होतो म्हणून. फडके टाकून वीस मिनिटे थांबले की गाडी चालते. इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलने जुने रबरी पाइप आणि पंपाचे पडदे लवकर खराब होतात.

धक्का मारून गाडी सुरू झाली, तर इंजिन निर्दोष आहे आणि बिघाड बॅटरी किंवा सेल्फकडे आहे, इतके कळते. करंट आणि पेट्रोल दोन्ही असूनही कार्बोरेटरमधून फटाके फुटत असतील, तर आधी कोणी वायरी काढून उलटसुलट लावल्या आहेत का हे विचारावे. फियाटच्या सिलिंडरांत ठिणगी पडण्याचा क्रम १-३-४-२ आहे.