रानपिंगळा संवर्धन (खानदेश)

रानपिंगळा : केवळ मध्य व पश्चिम भारतात आढळणारे दुर्मीळ छोटे घुबड. शास्त्रीय नाव एथेनी ब्लेविटाय. नंदुरबार जिल्ह्यातील शहादा, तळोदा व तोरणमाळ परिसरातील सातपुड्याची पानझडी जंगले आणि जळगाव जिल्ह्यातील यावल अभयारण्य हे त्याचे खानदेशातील अधिवास.  तापीकाठच्या कापूस-केळीच्या शिवारातून सातपुड्याकडे पाहिले, की उरलेल्या जंगलाचे तुकडे बेटांसारखेच दिसतात.  मॉरिशसच्या खरूची या छोट्या ससाण्यासारख्या बेटांवरच्या शिकारी पक्ष्यांबाबत जी भीती असते, तीच इथेही आहे : अधिवास लहान, पक्षी थोडे, आणि एक वाईट साल पुरेसे.

गावाच्या वेशीवरच्या आंब्यावर दिसणारा नेहमीचा पिंगळा वेगळा. त्याच्या डोक्यावर पांढरे ठिपके दाट असतात. रानपिंगळ्याचा माथा जवळजवळ सपाट तपकिरी. डोके व चोच अंगाच्या मानाने मोठी, छातीवर गडद तपकिरी पट्टा, पोट मधोमध स्वच्छ पांढरे, शेपटीवर रुंद पट्टे आणि पायांवर बोटांपर्यंत दाट पांढरी पिसे. लांबी सुमारे २३ सेंमी. घुबड असूनही हा दिवसा वावरतो. हिवाळ्यात सकाळच्या उन्हात निष्पर्ण सालईच्या शेंड्यावर बसून शेपटी झटक्याने डावी-उजवीकडे हलवत असतो. ती लकब एकदा पाहिली की पुढे ओळखायला अडचण येत नाही. पिंगळ्याच्या आवाजावरून शकुन सांगण्याची परंपरा महाराष्ट्रभर असली, तरी या रानातल्या भावंडाची वेगळी दखल जंगलाबाहेर फारशी कुणी घेतलेली नव्हती.

शास्त्राला हा पक्षी कळला तो १८७२ मध्ये छत्तीसगडातील फुलझर-बसना भागात ब्लेविट या संग्राहकाने मिळवलेल्या नमुन्यामुळे. १८७३ मध्ये पक्षिशास्त्रज्ञ ॲलन ऑक्टेव्हियन ह्यूम यांनी त्याचे वर्णन करून त्याच्यासाठी हेटेरोग्लॉक्स ही स्वतंत्र प्रजाती (जीनस) मांडली. अलीकडील जनुकीय अभ्यास त्याला साध्या पिंगळ्याच्याच एथेनी प्रजातीत बसवतात. १८८० च्या दशकात खानदेशात नेमणुकीवर असलेले मुलकी अधिकारी जेम्स डेव्हिडसन यांनी शहादा-तळोदा भागातून अनेक नमुने गोळा केले. १८८४ नंतर मात्र या पक्ष्याची एकही खरी नोंद उरली नाही.

'खरी' हा शब्द मुद्दाम वापरला आहे. रिचर्ड माइनर्ट्झहागेन या ब्रिटिश लष्करी अधिकाऱ्याने १९१४ मध्ये गुजरातेतील मांडवी येथे, म्हणजे याच तापीच्या खालच्या अंगाला, एक रानपिंगळा मारल्याचा दावा केला होता. तो नमुना संग्रहालयात होता आणि पुस्तकांत ती नोंद उतरत राहिली. पामेला रासमुसेन व नायजेल कॉलर या पक्षितज्ज्ञांनी तपासले तेव्हा कळले, की हा डेव्हिडसन यांचाच खानदेशातला पक्षी. ब्रिटिश संग्रहालयातून चोरलेला, उसवून पुन्हा भरलेला आणि खोटी चिठ्ठी लावलेला. सलीम अली व डिलन रिप्ली यांच्यासारख्या पक्षितज्ज्ञांनाही हा पक्षी सापडला नव्हता. 'रानपिंगळा' म्हणून छापलेली काही छायाचित्रेही साध्या पिंगळ्याचीच निघाली. खोटी नोंद बाजूला काढल्यावर उरली ती जुन्या चिठ्ठ्यांवरची ठिकाणे. त्यांच्या मागावर निघालेल्या रासमुसेन, बेन किंग व डेव्हिड ॲबट यांना २५ नोव्हेंबर १९९७ रोजी शहाद्याजवळ सातपुड्याच्या पायथ्याशी रानपिंगळा दिसला. मध्ये ११३ वर्षे गेली होती. एवढा काळ पक्षी होता तिथेच होता; हरवली होती ती त्याची नोंद.

त्यानंतर फराह इश्तियाक व असद रहमानी या पक्षिशास्त्रज्ञांनी तोरणमाळ परिसरात त्याचा सविस्तर अभ्यास केला. सरडे, सापसुरळ्या, उंदीर, बेडूक व मोठे कीटक हे त्याचे खाद्य. ऑक्टोबर ते मे या काळात तो झाडाच्या नैसर्गिक ढोलीत घरटे करतो. मादी अंड्यांवर असताना नर शिकार आणून देतो. नराने स्वतःचीच पिल्ले खाल्ल्याचीही नोंद झाली आहे.

संवर्धनाचा प्रश्न येऊन ठेपतो तो ढोलीपाशी. हे घुबड ढोली कोरत नाही. जुन्या झाडात आपोआप झालेली पोकळी किंवा सुतारपक्ष्याने सोडलेले घर त्याला लागते. पोकळ साग किंवा वाळके सालईचे झाड माणसाच्या हिशेबात टाकाऊ, म्हणून सरपणासाठी कुऱ्हाड आधी त्यावरच पडते. मार्च-एप्रिलमध्ये मोहाची फुले वेचायला सोपे जावे म्हणून झाडाखालचा पाचोळा पेटवतात. ती आग हाताबाहेर गेली की वणवा होतो, सापसुरळ्या जळतात, आणि नेमकी तेव्हाच ढोलीतली पिल्ले भुकेली असतात. चराईने झाडांची नवी रोपे वर येत नाहीत. अंधश्रद्धेपायी घुबडे व त्यांची अंडी घेतली जातात, तेही आहे.

जंगल तुटण्याचा दोष भिल्ल-पावरा कुटुंबांच्या अतिक्रमणावर टाकणे सोपे आहे, पण अपुरे. सरदार सरोवरातील विस्थापितांच्या पुनर्वसनासाठी १९९० च्या दशकात तळोद्याच्या जंगलातील सुमारे ४,२०० हेक्टर जमीन सरकारनेच मोकळी केली. २००६ च्या वनहक्क कायद्याने १३ डिसेंबर २००५ पूर्वीच्या वहिवाटीला मान्यतेची वाट दिली. सामूहिक वनहक्क मिळालेल्या गावांना जंगल राखण्याचा अधिकारही याच कायद्याने मिळतो. ढोलीची झाडे कोणती हे गुराख्याला पाठ असते. त्याला वगळून केलेली राखण प्रस्तुत लेखकाला निरर्थक वाटते.

रानपिंगळा वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ च्या अनुसूची १ मध्ये आहे. पुढे मेळघाट, मध्य प्रदेशातील खकनार, २०१४ मध्ये ठाणे जिल्ह्यातील तानसा आणि गुजरातेतील पूर्णा अभयारण्य येथेही तो सापडला. त्यामुळे २०१८ मध्ये आययूसीएन या आंतरराष्ट्रीय निसर्गसंवर्धन संघाने त्याला 'अतिसंकटग्रस्त' वर्गातून 'संकटग्रस्त' वर्गात आणले. प्रौढ पक्ष्यांची संख्या तेव्हाही हजाराच्या आतच धरली गेली. तोरणमाळ व तळोद्याची राखीव वने महत्त्वाच्या पक्षिक्षेत्रांच्या यादीत आहेत. पण त्या यादीला कायद्याचे बळ नाही, आणि अलीकडे विणीच्या दिवसांत ध्वनिमुद्रित आवाज वाजवून पक्षी जवळ बोलावणाऱ्या छायाचित्रकारांना ती अडवू शकत नाही.