वरंबा-सरी शेतीच्या आकाशातून दिसणाऱ्या खुणा (इंग्लंड)

मध्ययुगीन इंग्लंडमध्ये पिढ्यानपिढ्या एकाच रीतीने झालेल्या नांगरटीमुळे जमिनीवर जे समांतर उंचवटे आणि खोलगट पट्टे तयार झाले, त्यांचे अवशेष नॉर्थॅम्प्टनशर, लेस्टरशर, वॉरिकशर आणि बकिंगहॅमशर या भागांतील जुन्या कुरणांत आजही टिकून आहेत. महाराष्ट्रात ऊस किंवा भाजीपाल्यासाठी पाडतात त्या सरी-वरंब्यांहून हे वरंबे वेगळे आहेत. आपले वरंबे एका पिकापुरते असतात. हे मात्र कायमचे असून त्यांची रुंदी अनेक मीटर भरते.

त्या काळच्या जड नांगराची माती पालटणारी फळी एकाच बाजूला बसवलेली असल्यामुळे माती नेहमी उजवीकडे पडे. पट्ट्याच्या मध्यापासून सुरुवात करून भोवती फेऱ्या घेत नांगरल्यास माती दर वर्षी थोडी थोडी मध्याकडे सरके. अशा रीतीने चढत गेलेल्या वरंब्यावर पीक उभे राही आणि चिकणमातीत साचणारे पाणी सरीतून वाहून जाई. नांगराला बैलांच्या अनेक जोड्या जुंपलेल्या असल्याने ती लांब रांग शेताच्या टोकाशी वळवण्यासाठी आधीपासूनच तिरपे जावे लागे. त्यामुळे पुष्कळ वरंब्यांना उलट्या ‘एस’ अक्षरासारखा बाक आला. हा बाक महत्त्वाचा आहे, कारण एकोणिसाव्या शतकातील वरंबे सहसा अरुंद आणि सरळ असतात आणि जुने वरंबे त्यांच्यापासून वेगळे ओळखता येतात.

पुढे मेंढपाळी फायद्याची ठरली, सामाईक शेते कुंपणांनी बंदिस्त झाली आणि नांगरट थांबून तेथे गवत वाढले. त्या गवतानेच हे वरंबे जपले. हिवाळ्यात सूर्य क्षितिजालगत असताना प्रत्येक वरंब्याची सावली शेजारच्या सरीत पडते, आणि विमानातून संपूर्ण शिवाराची आखणी स्पष्ट दिसते. बकिंगहॅमशरमधील पॅडबरी येथे तर ऑक्सफर्डच्या ऑल सोल्स कॉलेजसाठी १५९१ मध्ये काढलेल्या नकाशातील पट्टे हवाई छायाचित्रातील वरंब्यांशी ताडून पाहता येतात, आणि कागदावरची जमीनमोजणी मातीतही जशीच्या तशी सापडते. १९४० च्या दशकात इतिहासकार मॉरिस बेरेसफर्ड यांनी जुने नकाशे आणि जमिनीवरील वरंबे यांची सांगड घालून हे अवशेष सामाईक शेतीचेच असल्याचे दाखवले.

दुसऱ्या महायुद्धात अन्नधान्यासाठी कुरणे नांगराखाली आली आणि युद्धोत्तर यांत्रिक शेतीत फार मोठा भाग सपाट झाला. हे नुकसान भरून येणारे नाही. सपाट झालेल्या शेतांतही कोरड्या उन्हाळ्यात खुणा उमटू शकतात, कारण बुजलेल्या सरीतील खोल माती ओलावा धरून ठेवते आणि तिथले पीक अधिक उंच व अधिक काळ हिरवे राहते. अलीकडे विमानातून लेसर किरणांनी जमिनीची उंची मोजणाऱ्या लायडार तंत्रामुळे झाडीखाली दडलेले वरंबेही नकाशावर आणता येतात.