‘सेन्योरा’ की ‘सेन्योरिता’: स्पॅनिशमधील स्त्री-संबोधनांची पार्श्वभूमी

‘सेन्योर’ (श्रीयुत; विवाहित स्त्रीसाठी ‘सेन्योरा’) हा शब्द ‘वयाने वडील’ अशा अर्थाच्या लॅटिन शब्दापासून आला, तर ‘दोन्या’ हे बाईचे मानाचे संबोधन घराची मालकीण या अर्थाच्या ‘डोमिना’पासून, गोव्यातील दोना पावला या स्थलनामातला ‘दोना’ हे त्याच शब्दाचे पोर्तुगीज भावंड. ‘दोन्या’ आडनावाला न लागता पहिल्या नावाला लागते आणि बाईचे लग्न झाले आहे की नाही, हे त्यावरून कळत नाही. मानाच्या संबोधनांची खिरापत आवरण्यासाठी १५८६ मध्ये स्पेनमध्ये राजाज्ञा निघाली, तरी ‘दोन’ (‘दोन्या’चे पुल्लिंगी रूप) आणि ‘दोन्या’ खालच्या थरांत झिरपतच राहिले.

खरा गुंता ‘सेन्योरिता’चा आहे. आज ती ‘कुमारी’ मानली जात असली, तरी या शब्दात वर्गभेद मुरलेला आहे: नोकरमाणसे घरच्या मालकिणीला, ती लग्न झालेली असली तरी, ‘सेन्योरिता’ म्हणत. शाळेतल्या बाईंनाही हेच संबोधन मिळाले. लहान मुले त्याचे ‘सेन्यो’ करतात, मग बाई नातवंडांच्या आजी का असेनात. पुरुषासाठी ‘सेन्योरितो’ हे रूप आहेच, पण त्याचा अर्थ अविवाहित पुरुष असा नसून बापाच्या जिवावर ऐश करणारा आयतोबा असा होतो. त्यामुळे छापील अर्जावर पुरुषाला एकच संक्षेप आणि बाईला दोन, ही विषमता निव्वळ व्याकरणाची म्हणता येत नाही, आपल्याकडच्या ‘सौ.’ आणि ‘कु.’ची सवय असलेल्यांना ती चटकन ओळखू येईल.

लोकशाही परतल्यानंतरच्या दशकांत स्पेनमधील सरकारी भाषाविषयक मार्गदर्शिकांनी सरसकट ‘सेन्योरा’ वापरण्याची शिफारस केली. त्यावर कृत्रिमतेचा आरोप झाला. मात्र लग्नानंतरही जिथे स्त्रीचे आडनाव कागदोपत्री बदलत नाही, तिथे लग्नाची बातमी संबोधनातूनच का द्यावी, याचे समाधानकारक उत्तर आक्षेप घेणाऱ्यांकडे नव्हते. ‘सेन्योरा दे’ म्हणजे ‘अमक्याची बायको’, ही नवऱ्याच्या आडनावाने ओळख देण्याची पद्धतही याच काळात मागे पडत गेली.

अमेरिका खंडात चित्र निराळे आहे. दक्षिण अमेरिकेत ‘माझी सेन्योरा’ झिजून ‘मिसिया’ झाली. मेक्सिकोत ‘सेन्योरिता’ला कौमार्याचा अर्थ चिकटलेला असल्याने दुकानदाराने ‘सेन्योरा’ म्हटले, की एखादी ग्राहक तिथल्या तिथे ‘सेन्योरिता’ अशी दुरुस्ती करते.