इंग्रजीत स्वभाव सांगताना: नव्या बॅचच्या विद्यार्थ्यांसाठी

नागपूरच्या मिहानमधल्या कंपनीचा इंटरव्ह्यू असो की कॉलेजची ॲडमिशन, ‘टेल मी अबाउट युअरसेल्फ’ हा प्रश्न ठरलेलाच. बहुतेक जण ‘आय ॲम हार्डवर्किंग, आय ॲम पंक्च्युअल’ म्हणून मोकळे होतात. व्याकरण बरोबर असतं, पण त्यातून माणूस कळत नाही. ‘आय युज्वली रीच टेन मिनिट्स अर्ली’ म्हटलं की सवय दिसते. म्हणून बर्डीच्या आमच्या क्लासमध्ये क्रियाविशेषणांना आम्ही भरपूर वेळ देतो.

ऑलवेज, युज्वली, ऑफन, रेअरली, नेव्हर हे शब्द एखादी गोष्ट किती वेळा घडते ते सांगतात. त्यांची जागा मुख्य क्रियापदाच्या आधी: ‘शी ऑफन हेल्प्स हर नेबर्स’. वाक्यात ॲम, इज, आर हेच क्रियापद असेल तर त्याच्यानंतर: ‘ही इज रेअरली अँग्री’.

सगळ्यात जास्त घोळ होतो तो पुढे. ‘मी नेहमी वेळेवर येत असतो’ हे मनात घोळवत आपण ‘आय ॲम ऑलवेज कमिंग ऑन टाइम’ म्हणून जातो. सवयीसाठी साधा वर्तमानकाळच हवा: ‘आय ऑलवेज कम ऑन टाइम’. ‘ऑलवेज’सोबत आयएनजीचं रूप आलं की त्यात बरेचदा वैताग असतो. ‘ही इज ऑलवेज बॉरोइंग माय बाइक’, म्हणजे सारखी माझीच गाडी मागतो! स्वतःच्या चांगल्या सवयीबद्दल बोलताना हा सूर कशाला?

‘हार्ड’ला ‘ली’ लावण्याचा मोहही टाळा. ‘आय वर्क हार्ड’ म्हणजे मी मेहनत करतो. ‘आय हार्डली वर्क’ म्हणजे मी जवळपास कामच करत नाही. उलट ‘फ्रेंडली’च्या शेवटी ‘ली’ असूनही ते विशेषण आहे. म्हणून ‘शी टॉक्स फ्रेंडली’ नाही, ‘शी टॉक्स इन अ फ्रेंडली वे’ म्हणायचं.

कमी-जास्त प्रमाणही नीट सांगता आलं पाहिजे. ‘अ बिट शाय’ म्हणजे जरासा बुजरा, ‘पेनफुली शाय’ म्हणजे चारचौघांत तोंडच न उघडणारा. स्वतःची उणीव सांगताना ‘अ बिट’ किंवा ‘समटाइम्स’ जरूर वापरा, ते खरं असेल तर. उणीव लपवण्यापेक्षा ती नेमक्या मापात सांगणं आम्हाला केव्हाही योग्य वाटतं.

पहिल्या दिवशी येताना घरातल्या एका माणसाबद्दल पाच इंग्रजी वाक्यं लिहून आणा. आई, आजोबा, धाकटा भाऊ, कोणीही चालेल. फक्त प्रत्येक वाक्यात एक क्रियाविशेषण हवं. शिकवणी त्याच वाक्यांपासून सुरू होईल.