मॅपमध्ये जोडी टाकताना: आधीची नोंद राहते की पुसली जाते?

मॅप म्हणजे की (शोधायची खूण) आणि व्हॅल्यू (तिच्याशी जोडलेली माहिती) अशा जोड्या ठेवणारी रचना. २००० नंतरच्या दशकात नागपुरात अभियांत्रिकी शिकलेल्या अनेकांची मॅपशी पहिली ओळख सी++ मधून नव्हे, जावातून झाली. लॅबमधला टर्बो सी++ नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीचा होता आणि मॅप सी++ च्या अधिकृत मानकात आला १९९८ मध्ये. त्यामुळे 'पुट' लिहिले की जोडी आत गेली, एवढीच सवय हाताला लागली. ती की आधीच मॅपमध्ये असेल तर काय होते, हा प्रश्न मागे राहिला. खरा वाद मात्र त्याच प्रश्नावर आहे.

हॅशिंगची, म्हणजे कीवरूनच नोंदीची जागा काढण्याची, कल्पना १९५३ च्या एका अंतर्गत टिपणापर्यंत मागे जाते. भाषेतच रुजलेली, मजकुराची की चालणारी सारणी १९७७ च्या ऑक या मजकूर हाताळणाऱ्या भाषेमुळे अनेकांच्या हाती आली. ऑकमध्ये नसलेल्या कीचा नुसता उल्लेख केला तरी तिची नोंद तयार होते. हा गुण पुढे सी++ मध्येही दिसला आणि तिथे त्याने बराच त्रास दिला.

समजा, पार्किंगमधल्या गाड्या नोंदणी कोडप्रमाणे मोजायच्या आहेत: एमएच-३१ नागपूर शहर, एमएच-४० नागपूर ग्रामीण, एमएच-४९ पूर्व नागपूर. सी++ मध्ये चौकोनी कंसात कोड लिहून पुढे '++' दिले की काम झाले. की नसेल तर शून्याची नोंद आपोआप बनते आणि लगेच एक होते. ही सोय मोठी आहे, आणि मोजणीसाठी ती योग्यच आहे. पण एमएच-४९ ची एखादी तरी गाडी आली का, हे पाहण्यासाठी तेच कंस वापरले की विचारण्यानेच शून्याची नोंद पडते. मॅपचा आकार वाढतो, आणि पुढच्या अहवालात न आलेल्या गाड्यांचीही ओळ छापली जाते. कॉन्स्ट, म्हणजे बदलता न येणाऱ्या, मॅपवर हे कंस चालत नाहीत, त्याचेही कारण हेच. वाचणे आणि लिहिणे एकाच खुणेवर सोपवायला नको होते, असे माझे ठाम मत आहे.

त्याच मॅपचे 'इन्सर्ट' नेमके उलट वागते. की आधीच असेल तर ते जुन्या व्हॅल्यूला हात लावत नाही. जोडी आत गेली की नाही, हे परत येणाऱ्या बूलवरून (खरे किंवा खोटे) कळते. तो बूल तपासला नाही, तर नवी व्हॅल्यू कुठे गेली हे शोधत बसावे लागते. कंसांनी लिहिले तर जुनी व्हॅल्यू जाते, 'इन्सर्ट'ने लिहिले तर नवी, आणि दोन्हीकडे एररचा एक शब्दही नाही.

१९९८ च्याच सुमारास आलेल्या जावाच्या हॅशमॅपमध्ये 'पुट' जुनी व्हॅल्यू बदलते आणि ती परत देते. परत नल (म्हणजे 'काहीच नाही') आले तर की नव्हती, की तिची व्हॅल्यूच नल होती, हे त्यावरून ठरत नाही. 'पुटइफअॅब्सेंट' (नसेल तरच टाका) आधी २००४ मध्ये, एकाच वेळी अनेक थ्रेड (प्रोग्राममधले समांतर चालणारे भाग) वापरतील अशा मॅपसाठी आले. सर्वसाधारण मॅपला ते मिळायला २०१४ उजाडले. मोजणीला सोपे 'मर्ज'ही तेव्हाच आले.

सगळ्यांत स्पष्ट भूमिका २००५ मध्ये सी शार्पच्या डिक्शनरीने घेतली. तिथे 'अॅड' करताना की आधीच असेल तर थेट एक्सेप्शन, म्हणजे काम थांबवणारी एरर, येते. व्हॅल्यू बदलायचीच असेल तर कंस वापरा, आणि नसलेली की कंसाने वाचायला गेलात तरी एक्सेप्शन. पुष्कळांना हा कडकपणा जाच वाटला. मला तो प्रामाणिक वाटतो, कारण लिहिणाऱ्याचा हेतू कोडमध्येच दिसतो.

सी++ ने ही वाट २०१७ मध्ये धरली. 'इन्सर्ट_ऑर_असाइन' म्हणजे असेल तर बदला. 'ट्राय_एम्प्लेस' म्हणजे असेल तर जुने तसेच राहू द्या, आणि अशा वेळी दिलेली नवी व्हॅल्यूही न हलवता जागीच ठेवा. की आहे का, एवढेच विचारणारे 'कन्टेन्स' मात्र २०२० च्या मानकात आले.

त्याच २०१७ मध्ये जावात आलेले 'मॅप.ऑफ' एकच की दोनदा दिली तर एक्सेप्शन देते. पायथनच्या महिरपी कंसात तीच की दोनदा लिहिली तर आजही शेवटची व्हॅल्यू टिकते, आणि तसे सांगणारी एररही येत नाही.