हत्यारे व यंत्रभागांची जुनी पेटंटे

पाना, रंधा, कुलूप, स्क्रू, ड्रिल अशी हत्यारे आणि यंत्रांचे भाग यांतील शोधांसाठी शासनाने ठरावीक मुदतीपुरता दिलेला एकाधिकार म्हणजे पेटंट (एकस्व). त्याच्या बदल्यात शोधकाला आपली युक्ती आकृतीसह उघड करावी लागते. मुदत संपते, पण वर्णन उरते. हत्यार कोणत्या अडचणीतून जन्मले आणि कसे चालते, हे या कागदांइतके नेमके क्वचितच कुठे सापडते. ते कोणाचे व कधीचे, हे ठरवताना मात्र जपून वाचावे लागते.

व्हेनिसच्या १४७४ च्या कायद्यात दहा वर्षांचे संरक्षण होते, तर इंग्लंडच्या १६२४ च्या कायद्यात चौदा वर्षांचे. अमेरिकेत १७९० पासून पेटंटे दिली जाऊ लागली, पण डिसेंबर १८३६ च्या आगीत तिथल्या कार्यालयातील सुमारे दहा हजार पेटंटांच्या नोंदी आणि हजारो नमुने जळाले. शोधकांकडच्या प्रती मिळवून त्यांतील तीन हजारही पुन्हा उभ्या करता आल्या नाहीत. हत्यारांच्या इतिहासाची ही हानी कधीच भरून निघाली नाही.

दुसऱ्याच्या पेटंटने अडवलेली वाट कधी नवी यंत्रणाही घडवते. दट्ट्याच्या (पिस्टनच्या) वर-खाली चालीतून चाक फिरवण्याचा सोपा मार्ग म्हणजे क्रँक, म्हणजे आसाला जोडलेला वाकडा दांडा. वाफेच्या इंजिनावर तो वापरण्याचे पेटंट १७८० मध्ये जेम्स पिकार्डने घेतले. जेम्स वॉटने १७८१ मध्ये पाच पर्यायी मार्गांचे पेटंट मिळवले. त्यांतील ‘सूर्य-ग्रह’ रचनेत जोडदांड्याला पक्के बसवलेले दंतचक्र आसावरील दंतचक्राभोवती फिरते. दोन्ही सारख्या आकाराची असली, तर दट्ट्याच्या एका पूर्ण ये-जा मध्ये आस दोनदा फिरतो, म्हणजे क्रँकच्या दुप्पट. पेटंट वॉटच्या नावे असले, तरी कल्पना विल्यम मर्डॉकची मानली जाते. पिकार्डची मुदत संपल्यावर वॉटच्या इंजिनांनीही क्रँकच स्वीकारला.

हातातल्या हत्यारांत लोरिंग कोसचा १८४१ चा पाना लक्षणीय आहे. धरलेल्या हाताच्याच बोटांनी त्याचा जबडा सरकवता येई. डॅनियल स्टिलसनच्या १८६९ च्या पाईप पान्याचा जबडा मुद्दाम सैल ठेवलेला असतो, त्यामुळे जोर वाढेल तशी पकड घट्ट होते. पुढच्या काळातला, फुलीच्या खाचेचा ‘फिलिप्स’ स्क्रू १९३६ च्या पेटंटांतून पसरला. त्याची मूळ कल्पना हेन्री फिलिप्सने जॉन थॉम्पसनकडून विकत घेतली होती.

जुन्या हत्यारावर कोरलेली पेटंटची तारीख पाहून पुष्कळांची फसगत होते. ती अधिकार मिळाल्याची तारीख असते, घडणीची नव्हे. तोच साचा पुढे अनेक वर्षे चाले. अमेरिकेत १८४२ च्या कायद्याने मालावर ही तारीख घालणे बंधनकारक केले आणि १९२७ पासून तिच्या जागी क्रमांक आला. त्यामुळे केवळ क्रमांक असलेला अमेरिकन नग बहुधा त्यानंतरचा धरतात.