होम लोनसाठी बँकेत मुलाखत द्यावी लागते का?

‘मॅनेजरला बोलणं पटलं नाही की होम लोन गेलं’ असं वर्षानुवर्षं ऐकू येतं. ते खरं नाही. अर्जदाराची मुलाखत घ्यावी असा रिझर्व्ह बँकेचा नियमच नाही. नोकरदाराचं काम बहुतेकदा ३ महिन्यांच्या सॅलरी स्लिप, फॉर्म १६ (पगार आणि कापलेल्या कराचा कंपनीने दिलेला दाखला), ६ महिन्यांचं बँक स्टेटमेंट आणि सिबिल स्कोअर, म्हणजे आधीच्या कर्जफेडीवरून ठरणारा आकडा, यांवर भागतं. केवायसी तर २०२० पासून व्हिडिओवरही करता येते.

हा समज पसरला तो धंदेवाल्यांच्या अनुभवातून. दुकानदाराकडे बँकेचा माणूस ‘पीडी’ला, म्हणजे पर्सनल डिस्कशनला येतो. माल किती, उधारी किती, गाळ्याचं भाडं किती हे विचारतो आणि जीएसटी रिटर्नशी ताडून बघतो. तपासला जातो तो हिशेब, तुमचं बोलणं नव्हे. आयकर रिटर्नमध्ये उत्पन्न कमी दाखवलं असेल तर अडचण तिथेच येते.

घरी पडताळणीला येणारा माणूस वेगळा. शेजाऱ्याने ‘इथे राहत नाहीत’ म्हटलं की रिपोर्ट निगेटिव्ह जातो, फाइल अडते. भाड्याने राहत असाल तर दारावर पाटी लावा, वॉचमनला सांगून ठेवा. बँकेने फोनवर चालू कर्जांचे हप्ते विचारले तर एकही लपवू नका. सिबिल रिपोर्टमध्ये ते दिसतातच.